कराराचा कोश कोणाचा?

१५ ऑगस्टला देश स्वातंत्र्यदिन साजरा करतो, त्याच दिवशी कॅथोलिक चर्चमध्ये पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. वसईत, गोव्यात आणि जगभर त्या दिवशीच्या मिस्सात प्रकटीकरणाच्या पुस्तकातला एकच उतारा वाचला जातो. स्वर्गातले मंदिर उघडते, आत कराराचा कोश दिसतो आणि लगेच सूर्य पांघरलेली एक स्त्री प्रकट होते. आदल्या संध्याकाळच्या मिस्सात दावीद राजाने तोच कोश यरुशलेमात आणल्याची कथा असते. हे उतारे विचारपूर्वक निवडलेले आहेत. ज्यूंच्या सर्वांत पवित्र वस्तूत येशूच्या आईची पूर्वछाया पाहण्याची कॅथोलिक परंपरा फार जुनी आहे. १५८७ मध्ये पोप सिक्स्तस पाचवे यांनी मान्यता दिलेल्या ‘लोरेतोची लितानी’ या प्रार्थनेत मारियेला ‘कराराचा कोश’ अशीच हाक मारलेली आहे. एका धर्माने दुसऱ्या धर्माच्या पवित्र खुणांत आपल्या व्यक्ती पाहाव्यात का, हा प्रश्न यातून उभा राहतो. माझ्या मते असे वाचन करता येते आणि त्याला भक्कम तर्कही आहे. पण त्याच तर्कातून एक अट निघते. मूळ खुणेचा मूळ अर्थ शाबूत राहिला पाहिजे. चर्चने ही अट अनेक शतके मोडली आणि त्याचे परिणाम ज्यूंना भोगावे लागले.

आधी तो कोश काय होता ते पाहू. निर्गमाच्या पुस्तकात त्याचे मापासकट वर्णन आहे. बाभळीच्या लाकडाची ही पेटी अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. तिला आतून-बाहेरून सोन्याचा मुलामा, वर सोन्याचे झाकण आणि त्यावर समोरासमोर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे स्वर्गीय जीव. आत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या. आजूबाजूच्या बहुतेक देवळांत गाभाऱ्यात मूर्ती असायची. इथे दोन करुबांमधली मोकळी जागा हेच देवाचे आसन. पेटी उचलण्याचे दांडे कड्यांतून कधीही काढायचे नाहीत, अशीही आज्ञा होती, कारण हा देव आपल्या लोकांबरोबर चालणारा होता. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शलमोनाचे मंदिर पाडले आणि त्यानंतर कोशाचा मागमूस लागत नाही. पुढे दुसरे मंदिर उभे राहिले, पण इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी त्याच्या गाभाऱ्यात शिरला तेव्हा तो रिकामा होता, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. मात्र वस्तू हरवली म्हणून तिचा अर्थ हरवला नाही. प्रत्येक सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळ्या ठेवलेले पवित्र कपाट त्या कोशाचीच आठवण जागी ठेवते. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनी १७९६ मध्ये मुंबईत उभारलेल्या ‘शआर हरहमीम’ सिनेगॉगमध्येही तसे कपाट आहे. कोशाबद्दल बोलताना आपण एका जिवंत समाजाच्या चालू उपासनेबद्दल बोलत असतो, हे म्हणूनच ध्यानात ठेवायला हवे.

आता कॅथोलिक वाचनाची बाजू. तिचा मुख्य आधार लूकलिखित शुभवर्तमानात आहे. गरोदर मारिया यहुदियाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. अलीशिबेच्या पोटातले बाळ उडी मारते. प्रभूची आई माझ्याकडे यावी असे मी कोण, असे अलीशिबा विचारते. मारिया तिथे सुमारे तीन महिने राहते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातही यहुदाच्याच मुलखात कोश निघालेला असतो, परमेश्वराचा कोश माझ्याकडे कसा यावा असे दावीद भयचकित होऊन विचारतो, कोश ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहतो आणि अखेर दावीद त्याच्यापुढे उड्या मारत नाचतो. देवदूत मारियेला सांगतो की परात्पराचे सामर्थ्य तुझ्यावर छाया करील, तेव्हाही कोश ठेवलेल्या निवासमंडपावर उतरलेल्या मेघाची आठवण होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात कोशातल्या तीन वस्तू सांगितल्या आहेत: आज्ञांच्या पाट्या, मान्ना ठेवलेले सोन्याचे पात्र आणि अहरोनाची अंकुरलेली काठी. ख्रिस्ती श्रद्धेने या तिन्हींत येशू पाहिला. तोच देवाचा शब्द, तोच स्वर्गातली भाकर, तोच महायाजक. मग त्याला उदरात वागवणारी मारिया म्हणजे कोश, हे पाऊल ओघानेच आले. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत जाहीर केला, तेव्हा न कुजणाऱ्या लाकडाच्या कोशाचा हा जुना दाखला त्या घोषणापत्रातही नोंदवला गेला.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे. निर्गम लिहिणाऱ्याच्या मनात नासरेथची मुलगी असणे शक्य नाही, तेव्हा हा अर्थ बाहेरून लादलेला आहे, असे ते म्हणतात. लूकच्या मनात तरी ही तुलना होती का, याबद्दल खुद्द कॅथोलिक विद्वानांत एकमत नाही. रने लोरान्तँ या फ्रेंच धर्मपंडितांनी १९५७ मध्ये ती ठामपणे मांडली. रेमंड ब्राऊन या अमेरिकी धर्मगुरूंनी १९७७ मध्ये येशूच्या जन्मकथांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या साम्यांबद्दल शंका घेतली. शिवाय इरेनेयस आणि हिप्पोलितस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांना कोशात ख्रिस्ताचे शरीर दिसत होते. मारियेशी त्याची सांगड पुढे पक्की झाली. एकाच खुणेचे असे निरनिराळे अर्थ लागत असतील, तर ते वाचन गणिती सिद्धता ठरत नाही. पण चर्चच्या शहाण्या परंपरेने तसा दावा केलेलाही नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केले की सगळे आध्यात्मिक अर्थ शब्दार्थावर उभे असतात आणि वादात पुरावा म्हणून शब्दार्थच चालतो. पोपच्या बायबल आयोगाने २००१ च्या दस्तऐवजात आणखी मोकळेपणाने मान्य केले की जुन्या करारात ख्रिस्त दिसतो तो मागे वळून पाहणाऱ्या श्रद्धेला. ज्याने नंतरची घटना मानली, त्यालाच आधीच्या घटनेत तिची चाहूल लागते. अशा वाचनाला श्रद्धेची दृष्टी म्हणावे. ते भाकीत खरे ठरल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

मागे वळून पाहण्याची ही रीत ख्रिस्ती लोकांनी शोधली, असेही नाही. ती इब्री धर्मग्रंथातच आहे. यहोशवाबरोबर लोक यार्देन नदी कोरड्या पायांनी ओलांडतात, तेव्हा मोशेबरोबरचा समुद्र पुन्हा दुभंगलेला दिसतो. बाबेलच्या बंदिवासातून सुटकेचे वचन देताना यशयाच्या पुस्तकाने त्या सुटकेला दुसऱ्या निर्गमनाचे रूप दिले आहे. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून बाहेर आलो असे मानावे, अशी ज्यूंची परंपरा आहे. पूर्वजांच्या कृती ही वंशजांसाठी खूण असते, हे सूत्र तेराव्या शतकातल्या नखमानिदेस या ज्यू भाष्यकाराने उत्पत्तीच्या कथांना लावले. येशू, पौल आणि मत्तय हे ज्यूच होते. येशूने वाळवंटातल्या पितळी सर्पाकडे किंवा योनाकडे बोट दाखवले, पौलाने आदामाला येणाऱ्याचे प्रतिरूप म्हटले, तेव्हा ते घरातलीच रीत वापरत होते. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या सीरियातल्या गावात याचा पुरावा मिळतो. तिसऱ्या शतकातल्या तिथल्या सिनेगॉगच्या भिंतीवर पलिष्ट्यांच्या देवळातला कोश आणि मोडून पडलेली त्यांच्या दागोन देवाची मूर्ती रंगवलेली आहे. त्याच गावात थोड्या अंतरावर ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनाघर होते. तिथल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर उत्तम मेंढपाळ आणि त्याच्या पायाशी आदाम व हव्वा आहेत. शेजारी राहणारे दोन समाज एकाच ग्रंथातून आपापल्या भिंती रंगवत होते.

या रीतीचे आणखी एक ऋण मान्य करायला हवे. तिच्याविना ख्रिस्ती धर्माने इब्री ग्रंथ टाकून दिला असता. दुसऱ्या शतकात मार्सियनने नेमके तेच सुचवले होते: इस्राएलचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, म्हणून जुना ग्रंथ नको. रोमच्या चर्चने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. जुन्या कथा नव्याची पूर्वछाया आहेत, या भूमिकेमुळेच त्या कथा ख्रिस्ती बायबलात राहिल्या. नाझी जर्मनीत हा वाद पुन्हा पेटला. जुना करार ज्यूंचा म्हणून तो चर्चमधून हद्दपार करा, अशी मागणी होऊ लागली, तेव्हा १९३३ च्या आगमनकाळात म्युनिकचे कार्डिनल फाउल्हाबर यांनी प्रवचनांतून त्याचा जाहीर बचाव केला. मार्बुर्ग विद्यापीठातून ज्यू म्हणून काढलेले एरिख आउअरबाख इस्तंबूलमध्ये आश्रयाला होते. तिथून १९३८ मध्ये त्यांनी ‘फिगुरा’ हा निबंध प्रसिद्ध केला. रूपककथेत पहिली गोष्ट केवळ कल्पनेचे आवरण असते. पूर्वछायेच्या वाचनात मात्र आधीची आणि नंतरची अशा दोन्ही घटना खऱ्या, इतिहासात घडलेल्या मानाव्या लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. माझ्या मुद्द्याला बळ इथूनच मिळते. पहिली घटना खरी आणि स्वतःच्या पायावर उभी नसेल, तर तिची छाया कशी पडणार?

आणि तरीही हीच रीत हिसकावून घेण्याचे साधन बनली. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो या ज्यूशी झालेल्या संवादाचा ग्रंथ लिहिला. हे धर्मग्रंथ आता तुमचे नसून आमचे आहेत, असे तो त्यात सुनावतो. सार्दिसच्या मेलितोचे वल्हांडणावरचे प्रवचन पूर्वछायेच्या वाचनाचा देखणा नमुना आहे. खरे कोकरू आले की नमुना निरुपयोगी होतो, असे सांगून तेच प्रवचन इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवते. सुमारे १२३० मध्ये घडवलेल्या स्ट्रासबुर्ग कॅथेड्रलच्या शिल्पांत चर्च मुकुट घालून ताठ उभी आहे आणि सिनेगॉगच्या डोळ्यांवर पट्टी, हातात मोडका भाला. आपल्या भूमीवरचा दाखला तर अधिक बोचणारा आहे. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यातल्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा मराठी ओवीत अशी उतरली आहे की मराठी साहित्याने तिचा अभिमान बाळगावा. पण ज्या गोव्यात मोशे आणि दावीद मराठी बोलू लागले, तिथे १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते आणि गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल मृत्युदंडही होऊ शकत होता. ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीला जिवंत जाळले गेले. स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ मध्ये, आणि १५८० मध्ये ओर्तांची हाडे उकरून जाळण्यात आली. ग्रंथ पूज्य आणि त्या ग्रंथाचे लोक अपराधी, ही विसंगती त्या काळी कोणाला फारशी खटकली नाही.

यावर कोणी म्हणेल, हा राजसत्तेचा आणि सामाजिक द्वेषाचा इतिहास आहे, त्याचे खापर वाचनाच्या रीतीवर का फोडता? आक्षेपात तथ्य आहे. इन्क्विझिशनला पैसा, सत्ता आणि वंशशुद्धीचे वेड अशी बरीच कारणे होती. लितानी म्हणणाऱ्या भाविकाने कोणाचे घर जाळले नाही. पण एखाद्या समाजाचे सर्वस्व हे केवळ आपल्या आगमनाची तयारी होती, असे हजार वर्षे शिकवले गेले की तयारी संपल्यावरही तो समाज टिकून का आहे, हा प्रश्न लोकांच्या मनात येणारच. फाउल्हाबर यांच्या प्रवचनांची मर्यादाही इथेच दिसते. आपण ख्रिस्तपूर्व इस्राएलचा बचाव करतो आहोत, आजच्या ज्यूंचा नव्हे, असा भेद त्यांनी केला होता. त्यांनी पुस्तक वाचवले, पण त्या पुस्तकाची माणसे त्यांच्या बचावाबाहेर राहिली. अशा मानातला अपमान महाराष्ट्राला समजावून सांगावा लागू नये. बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणे वरवर गौरवाचे वाटते, पण त्याने बुद्धाचे स्वतंत्र म्हणणे गिळले जाते. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा ही समजूत नाकारते. दुसऱ्याच्या पूज्य गोष्टीला आपल्या कथेत मानाचे पान देताना तिचा स्वतःचा आवाज बंद केला, तर तो मान उरत नाही.

तिसरा आक्षेप निष्ठावान कॅथोलिकांचा आहे, आणि तोही गंभीर आहे. ज्यूंचे वाचन स्वतःच्या जागी योग्य मानले, तर ख्रिस्त हा अनेक पर्यायांतला एक होत नाही का? पूर्णता झाली असेल तर अपूर्णाला वेगळी प्रतिष्ठा कशाला? याचे उत्तर कॅथोलिक शिकवणुकीतच आहे. पौलाने रोमकरांस लिहिताना बिगर-ज्यू ख्रिस्ती लोकांना बजावले होते की तुम्ही कलम केलेल्या फांद्या आहात, मुळापुढे फुशारकी मारू नका. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारले. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही, असे त्यात म्हटले आणि पौलाचा तोच दाखला दिला. देवाने जुना करार कधी रद्द केलेला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये माइन्झ येथे ज्यू प्रतिनिधींसमोर सांगितले. पूर्वछायेची भाषा अनेकांना अस्वस्थ करते आणि हे न सुटलेल्या प्रश्नाचे लक्षण असू शकते, अशी कबुली १९८५ च्या व्हॅटिकनच्या टिपणात आहे. मिसरातून सुटका हा तारणाचा अनुभव स्वतःमध्ये पूर्ण नसला, तरी त्याला स्वतःचा अर्थ आहे, असेही तिथे म्हटले आहे. २००१ च्या दस्तऐवजाने ज्यूंचे वाचन हे शक्य आणि त्यांच्या परंपरेशी सुसंगत वाचन असल्याचे मान्य केले. त्याची प्रस्तावना कार्डिनल रात्झिंगर यांची, म्हणजे पुढे पोप झालेल्या बेनेडिक्ट सोळाव्यांची आहे. यापैकी कोणीही ख्रिस्ताला पर्याय म्हटलेले नाही. आपली श्रद्धा पक्की ठेवूनही दुसऱ्याच्या श्रद्धेचे घर उभे राहू देता येते, एवढेच त्यांनी मानले.

मग कॅथोलिकांनी कोशात मारियेला पाहणे सोडावे का? मुळीच नाही. ती प्रतिमा लितानीतून काढली तर कॅथोलिक भक्ती गरीब होईल आणि ज्यूंना त्यातून काहीही मिळणार नाही. बदलायचा आहे तो सांगण्याचा क्रम आणि सूर. कोकणातलेच उदाहरण घ्या. कॅथोलिकांसाठी एलीया हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची पूर्वछाया आहे, आणि कार्मेल डोंगरावरून दिसलेल्या तळहाताएवढ्या ढगात कार्मेलाइट संघ मारियेला पाहतो. बेने इस्रायलींसाठी तोच एलियाहू हनाबी अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेलेला, नवसाला पावणारा रक्षक आहे. त्याच्या नावाने आजही पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा होतो, इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ज्यू घरांतही होतो. त्यांच्या लेखी तो कोणाची छाया नाही, तो स्वतःच येणारा पाहुणा आहे. योहानावर प्रवचन देणाऱ्या फादरांनी ही गोष्ट दोन मिनिटे सांगितली, तर त्यांच्या शुभवर्तमानाचे काही कमी होणार नाही. ऐकणाऱ्यांना मात्र कळेल की आपल्या बायबलाचा पहिला भाग शेजाऱ्याचाही धर्मग्रंथ आहे आणि तो शेजारी मराठी बोलतो.

म्हणून विनंती धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना आहे. मारिया हा कराराचा कोश आहे, हे मुलांना जरूर शिकवा. पण त्याआधी तो कोश इस्राएलसाठी काय होता आणि सिनेगॉगमधले ते कपाट ज्यूंसाठी आज काय आहे, हे शिकवा. पितळी सर्प, मान्ना, वल्हांडणाचे कोकरू यांनाही हाच नियम लावा. कुठे लूकचा आधार भक्कम आहे, कुठे नंतरच्या भक्तीने भर घातली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगा. हे कोणाचे मन राखण्यासाठी करायचे नाही, पूर्वछायेचे वाचनच ते मागते. प्रवचनात आणि धर्मशिक्षणात ज्यू धर्माला कोपऱ्यात ढकलू नका आणि ज्यूंनी आपला ग्रंथ कसा वाचला आहे ते विवेकाने समजून घ्या, असे व्हॅटिकनने १९८५ मध्येच सांगून ठेवले आहे. त्यासाठी नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.